एकच मॉडेल, चार विक्रेते आणि सहा मेमरी कार्डं

सुरुवात आत्याच्या मुलाखतीपासून झाली. आत्याचं वय झालंय, तिच्याकडे घरातल्या तीन पिढ्यांच्या गोष्टी आहेत आणि त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या असं मी आणि दादाने कधीचं ठरवलं होतं. शेवटी एकदा बसलो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, फोरके सेटिंग, सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि ती बोलायला लागली. तासाभराने उठून बघतो तर स्क्रीनवर मेसेज, कार्डाचा रायटिंग स्पीड कमी पडल्यामुळे रेकॉर्डिंग थांबवलं आहे. फाइल फक्त २२ मिनिटांची. म्हणजे त्यानंतरची जवळजवळ चाळीस मिनिटं आत्या बंद कॅमेऱ्यासमोर बोलत होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मला ते इतकं लागलं की पुढचे दोन आठवडे मी मेमरी कार्ड सोडून दुसरा विषय बोललो नाही, आणि त्यातून जे हाताला लागलं ते सगळं इथे लिहितोय, कारण यातली निम्मी माहिती मला आधी असती तर ती चाळीस मिनिटं गेली नसती.

कार्ड होतं १२८ जीबीचं मायक्रोएसडी, नामांकित कंपनीचं, वरती यू३, व्ही३० आणि ए२ हे स्पीडचे तिन्ही शिक्के, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात सेकंदाला '१६० एमबी पर्यंत'. आता हिशोब बघा. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आठाने भागायचं बस. व्ही३० चा अर्थ सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी, यू३ चाही तोच. म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त शिल्लक असायला पाहिजे होती, तरी कार्डाने दम सोडला. दादा लगेच म्हणाला, "डुप्लिकेट आहे रे ते, ऑनलाइन घेतलेलं ना?" मलाही तेच वाटलं. ते कार्ड वर्षापूर्वी ज्या विक्रेत्याकडून घेतलं होतं त्याला मी इथे 'क' म्हणतो. पण एका कार्डावरून कुणाला चोर ठरवायचं हे मनाला पटेना, म्हणून तेच मॉडेल, तीच साइझ, पाच नवीन कार्डं मागवली. दोन पुन्हा क कडून, आणि एकेक ख, ग, घ कडून. आम्हाला दोन कॅमेऱ्यांसाठी कार्डं लागणारच होती, त्यामुळे खर्च वाया जाणार नव्हता.

पहिली गोष्ट केली ती पाकिटं शेजारी ठेवून बघितली. छपाई, फॉन्ट, कार्डाच्या मागचे आकडे, कडांची सफाई, सगळं भिंगाने. यातून काहीही कळलं नाही, उलट नंतर जे सगळ्यात खोटं निघालं त्याचीच छपाई सगळ्यात स्वच्छ होती. छपाई बघून ओळखा असं सांगणारे खूप आहेत, पण माझं मत विचाराल तर त्यात वेळ घालवू नका.

मग स्पीड टेस्ट. आणि इथे मी मोठी चूक केली. घरात तीन कार्ड रीडर होते, जो हाताला लागेल तो घेतला, एक मोठी व्हिडिओ फाइल कॉपी केली आणि आलेला आकडा वहीत लिहिला. निकाल आला असा की क ची दोन्ही कार्डं सगळ्यात स्लो, वाचताना सेकंदाला ३७ एमबी, ख चं ९०, आणि घ चं लिहिताना चक्क सगळ्यात फास्ट. मी क ला तक्रारीचा मेसेज टाइप करून सुद्धा ठेवला होता. पाठवायच्या आधी दादाने विचारलं की अरे दोन्ही कार्डं बरोब्बर ३७ वरच कशी अडकली, एखादं ३५ एखादं ४० असं का नाही? आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. तो आकडा कार्डाचा नव्हताच, रीडरचा होता. जुना रीडर यूएसबी २.० चा. त्याची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि प्रत्यक्षात ३५ ते ४० च्या वर तो जात नाही, कार्ड कितीही भारी टाका. तीच दोन कार्डं यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घातली तर ९० च्या आसपास.

मग १६० कुठे गेले? ही गोष्ट मात्र लोकांना खरंच सांगितली पाहिजे, कारण यावरून विनाकारण भांडणं होतात. या कार्डांवर जो रोमन एक लिहिलेला असतो तो यूएचएस-वन बसचा, म्हणजे कार्ड आणि रीडरमधल्या डेटाच्या रस्त्याचा, आणि त्या बसची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्याच्या वरचे जे १६०, १७०, २०० वगैरे आकडे छापतात ते कंपनीने स्वतःच्या पद्धतीने बस जास्त जोरात पळवून मिळवलेले असतात आणि त्यासाठी ती पद्धत समजणारा खास रीडर लागतो, बहुतेक वेळा त्याच कंपनीचा. दादाच्या ऑफिसात एकाकडे तसा रीडर होता, तो एका दिवसासाठी आणला, आणि क चं तेच कार्ड वाचताना दीडशेच्या वर गेलं. कार्ड तेच, लॅपटॉप तोच, फक्त रीडर बदलला आणि ३७, ९०, १५० असे तीन आकडे आले. मला खात्री आहे की 'या विक्रेत्याचं कार्ड फास्ट, त्याचं स्लो' असं जे लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच केसेस इथेच संपतील. आणि तो मोठा आकडा वाचण्याचा असतो हेही लक्षात ठेवा, लिहिण्याचा आकडा बारीक अक्षरात मागे असतो किंवा नसतोच, आणि कॅमेऱ्याला लागतो तो लिहिण्याचाच.

म्हणून पहिली वही फाडली आणि दुसऱ्यांदा नीट सुरुवात केली. एकच रीडर, एकच पोर्ट, एकच लॅपटॉप, मध्ये दुसरं काही चालू नाही, प्रत्येक कार्डावर पेनने नंबर. आणि फाइल कॉपी करायच्या ऐवजी एफ३ नावाचं फुकट टूल वापरलं. विंडोजवाल्यांनी एच२टेस्टडब्ल्यू घ्यावं, जर्मनीच्या एका कॉम्प्युटर मासिकातून आलेलं जुनं आणि भरवशाचं आहे. दोन्हींचं काम साधं आहे, कार्ड पूर्ण भरेपर्यंत एकेक जीबीच्या फाइली लिहायच्या आणि मग सगळं परत वाचून जे लिहिलं तेच आलं का ते तपासायचं. यात वेळ जातो. सेकंदाला ३० एमबीने १२८ जीबी भरायला ७१ मिनिटं लागतात, वर वाचायचा वेळ वेगळा. पण कार्ड शेवटपर्यंत भरल्याशिवाय त्याचा खरा स्वभाव कळत नाही, हे मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दादाने विचारलं, "अशाने कार्ड झिजणार नाही का?" झिजतं, पण एकदा पूर्ण भरणं म्हणजे एकच फेरी, आणि चांगलं कार्ड अशा शेकडो फेऱ्या सहज काढतं. तेवढ्यासाठी टेस्ट टाळू नये.

एक बारकं, १२८ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ११९ च्या आसपास दिसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. कंपनी १००० ने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने, एवढाच फरक.

आता निकाल. क ची दोन्ही नवीन कार्डं पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत ५५ ते ६० मध्ये, जेमतेम चाळीस मिनिटांत भरली, वाचताना एकही चूक नाही. डोळे मिटून घ्यावीत अशी.

ख चं कार्ड गमतीशीर निघालं. पहिल्या नऊ-दहा फाइली ७२ च्या स्पीडने, क पेक्षा फास्ट, आणि मग एकदम ३८ वर आलं आणि शेवटपर्यंत ३८ च. नुसती एकच फाइल कॉपी करून टेस्ट केली तर हेच कार्ड क पेक्षा चांगलं ठरलं असतं. यामागे कॅशचा खेळ असतो. आतल्या चिपचा थोडा भाग कार्ड झटपट लिहायला वापरतं, एका सेलमध्ये एकच बिट ठेवून, तो भाग भरला की मग तीन बिटवाल्या संथ पद्धतीने लिहावं लागतं. तरी ३८ म्हणजे व्ही३० च्या वरच आहे, त्यामुळे ख ने फसवलं असं मी म्हणणार नाही. पाकिटावर जे वचन आहे ते कार्डाने पाळलं.

ग चं कार्ड सुरुवातीला ४० आणि पाच मिनिटांत १४ वर. मधूनच ३-४ वर जाऊन अडकायचं, दहा-पंधरा सेकंद तसंच राहायचं, मग पुन्हा १४. भरायला अडीच तास लागले. पण साइझ पूर्ण, वाचताना सगळा डेटा बरोबर. म्हणजे १२८ जीबी खरे, व्ही३० खोटं. हा प्रकार मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण फोनमध्ये फोटो ठेवायला वापरलं तर आयुष्यभर कळणार नाही, आणि कॅमेऱ्यात मात्र सरासरी १४ दिसत असलं तरी ते दहा सेकंदांचं अडकणं कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे त्याची छोटी तात्पुरती मेमरी, भरून टाकतं आणि रेकॉर्डिंग बंद. साडेबारा लागतात आणि सरासरी १४ आहे म्हणजे चालेल, असा विचार करूच नका. कॅमेऱ्याला सरासरी कळत नाही, सगळ्यात वाईट क्षण कळतो.

आणि घ. लिहिताना शेवटपर्यंत मस्त, एक एरर नाही. वाचायला लावलं तर पहिले ३१ जीबी बरोबर आणि त्यापुढचं सगळं कचरा. कार्डाच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो, आपण साइझ विचारली की उत्तर तोच देतो, आणि त्याच्या प्रोग्रॅममध्येच १२८ असं खोटं सांगायला शिकवून ठेवलेलं असतं, खाली खरी चिप ३२ ची. पुढचं लिहिलेलं एकतर कुठेच जात नाही किंवा आधीच्या डेटावर जाऊन बसतं. आमच्या सेटिंगला दोन तासांचं रेकॉर्डिंग ९० जीबी होतं. या कार्डावर साधारण ४१ मिनिटांनंतरचं सगळं गेलं असतं आणि कॅमेऱ्याने चकार शब्द काढला नसता, लाल दिवा चालू, टायमर चालू. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या जुन्या कार्डाने निदान थांबून सांगितलं तरी.

हे घ चं लिस्टिंग चांगलं रेटिंग असलेलं होतं, हे इथे मुद्दाम सांगतो. रिव्ह्यू वाचले तर बहुतेक 'वेळेत मिळालं, पॅकिंग छान, १२८ जीबी दाखवतंय' असे. लोक दोन-चार दिवसांत रिव्ह्यू लिहितात, तेव्हा कार्डात पाच-दहा जीबी असतं. ३१ जीबीच्या पुढे जाईपर्यंत रिटर्नची मुदत संपलेली असते. शिवाय मोठ्या गोदामांमधून माल जातो तिथे एकाच बारकोडखाली वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल एकत्र ठेवला गेला तर विक्रेत्याचं नाव एक आणि हातात आलेलं कार्ड दुसऱ्याचं, असंही होतं. त्यामुळे स्टार बघून कार्ड घेणं मी सोडून दिलं.

मग आतलं ओळखपत्र बघितलं. प्रत्येक एसडी कार्डात सीआयडी नावाची नोंद असते, त्यात उत्पादकाचा नंबर, दोन अक्षरांचा कोड, पाच अक्षरांचं प्रॉडक्ट नाव, रिव्हिजन, सिरीयल नंबर आणि बनवल्याचा महिना-वर्ष. यूएसबी रीडरमधून हे दिसत नाही, कारण मध्ये यूएसबीचा अनुवादक बसलेला असतो. लॅपटॉपचा आतला स्लॉट आणि लिनक्स असेल तर थेट वाचता येतं, काही अँड्रॉइड अॅपही दाखवतात. ही कल्पना मला हार्डवेअर इंजिनियर अँड्र्यू हुआंग यांचं जुनं लिखाण वाचून सुचली, २०१० मध्ये त्यांनी स्वतःच्या प्रॉडक्शनमध्ये आलेल्या बिघडलेल्या मायक्रोएसडी कार्डांचा माग असाच या नोंदींपासून काढला होता.

क ची तिन्ही कार्डं, म्हणजे जुनं धरून, आणि ख चं, चौघांचा उत्पादक नंबर आणि प्रॉडक्ट नाव एकच. ख चं रिव्हिजन मात्र वेगळं आणि तारीख वर्षभराने नंतरची. म्हणजे कंपनीने मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप किंवा कंट्रोलर, म्हणजे तो छोटा प्रोसेसर, बदललेला असणार. हे सर्रास होतं आणि पाकिटावर त्याचा उल्लेख नसतो. माझ्या मते हे ग्राहकावर अन्याय करणारं आहे, कारण आपण मॉडेलचं नाव बघून 'मागच्या वेळी चांगलं होतं' म्हणून घेतो आणि ते मागच्या वेळचं कार्ड आता अस्तित्वातच नसतं. दोन विक्रेत्यांमधला स्पीडचा फरक कित्येकदा एवढाच असतो, एकाकडे जुना लॉट आणि दुसऱ्याकडे नवा, फसवणूक कुणाचीच नाही.

ग चा उत्पादक नंबर वेगळाच, प्रॉडक्ट नाव वेगळं. घ चं प्रॉडक्ट नाव रिकामं आणि सिरीयल जवळपास सगळी शून्यं. पण नंबर वेगळा म्हणजे लगेच नकली असं समजू नका, बऱ्याच चांगल्या कंपन्या दुसऱ्याकडून कार्डं बनवून घेतात. तुलना त्याच मॉडेलच्या खात्रीच्या कार्डाशीच करा. आणि उलटही, सीआयडी बरोबर आहे म्हणून कार्ड खरं असंही नाही, हुशार नकलाकार तेही कॉपी करतात. भरून बघण्याला पर्याय नाही.

आता राहिलं ते आमचं जुनं कार्ड, ज्याच्यापासून हे सुरू झालं. सीआयडी तर खरी. उरलेल्या चाळीसेक जीबी जागेत टेस्ट चालवली तर स्पीड ९ ते २० मध्ये नुसता नाचत होता. मग आठवलं की हे कार्ड आधी दादाच्या फोनमध्ये होतं, त्यात अॅपचा डेटा, हजारो छोट्या फाइली, मग त्यातल्या निम्म्या डिलीट, मग तसंच काढून कॅमेऱ्यात, फॉर्मॅट न करता. व्ही३० चं वचन हे मोकळ्या सलग जागेत लिहिण्याचं असतं. जागा तुकड्या-तुकड्यांत असेल तर कार्डाला दर वेळी जुना डेटा उचलून दुसरीकडे ठेवत ठेवत लिहावं लागतं आणि मग ते धापा टाकतं. सगळा डेटा काढून घेतला, आतल्या स्लॉटमधून पूर्ण इरेज केलं, एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचं स्वतःचं फॉर्मॅटर आहे त्याने फॉर्मॅट केलं आणि पुन्हा टेस्ट. ५५, शेवटपर्यंत. कार्ड पहिल्या दिवसापासून खरं होतं. क चाही काही दोष नव्हता. तो टाइप केलेला मेसेज मी पाठवला नाही याचं मला आजही बरं वाटतं, आणि दादाला सुद्धा ते दोन-तीनदा बोलून दाखवलं.

रिटर्नचं थोडक्यात. घ ने रिपोर्टचा फोटो बघून लगेच पैसे परत केले, कार्ड परत मागितलंही नाही. त्याच्यावर पेनने 'खोटं' लिहून ते तोडून टाकलं, कारण घरात पडून राहिलं तर कधीतरी कुणीतरी वापरणार. ग मात्र भांडला. त्याचं म्हणणं, पाकिटावर 'पर्यंत' लिहिलंय, पर्यंत म्हणजे कमी आला तरी चालतो. मी त्याला लिहिलं की १६० च्या पुढे 'पर्यंत' आहे, मान्य, ते मी मागतच नाही, पण व्ही३० च्या पुढे 'पर्यंत' नाही, तो किमान स्पीडचा शिक्का आहे, सगळ्यात वरचा नाही, सगळ्यात खालचा, आणि तुमचं कार्ड त्याच रीडरमध्ये त्याच लॅपटॉपवर १४ देतंय जिथे त्याच मॉडेलची बाकीची कार्डं ३८ आणि ५८ देतायत. सोबत दर फाइलच्या स्पीडची यादी आणि दोन सीआयडी शेजारी-शेजारी. चार दिवसांनी पैसे आले. यावरून एक सांगतो, तक्रार करताना 'कार्ड स्लो आहे' एवढंच लिहू नका, कशात, कशाने आणि कशाच्या तुलनेत हे लिहा. आणि ए२ च्या शिक्क्यावरून भांडू नका, तो फोनमध्ये अॅप चालवण्यासाठी छोट्या-छोट्या वाचण्या-लिहिण्याचा आहे, त्यालाही समोरच्या डिव्हाइसचा सपोर्ट लागतो, व्हिडिओशी त्याचा संबंध नाही.

आता घरात चार कार्डं आहेत, चारांवर नंबर, वहीत प्रत्येकाचं पान. फोनचं कार्ड वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, आणि रेकॉर्डिंगला बसायच्या आधी त्याच कॅमेऱ्यात फॉर्मॅट. नवीन कार्ड आलं की त्याच रात्री एफ३, रिटर्नची मुदत असेपर्यंत. क कडूनच परत घेतलं तरी टेस्ट, कारण लॉट कधी बदलेल सांगता येत नाही.

आत्यासोबत पुन्हा बसलो मागच्या रविवारी. दोन कॅमेरे, क ची दोन्ही नवीन कार्डं, दोन तास दहा मिनिटं, दोन्ही फाइली पूर्ण. ती पहिल्या वेळचं तेवढं हरवलेलं परत बोलली, पण थोडक्यात, म्हणाली "ते तर सांगितलंय ना मी तुम्हाला." दादा आणि मी मिळून त्या चाळीस मिनिटांतलं जेवढं आठवलं तेवढं कागदावर लिहून काढलंय, पुढच्या वेळी एकेक विचारणार आहोत. बॅकअपसाठी मागवलेलं पाचवं कार्ड आजच आलंय, हे लिहितोय तेव्हा ते रीडरमध्ये आहे, बासष्टावी फाइल चालू आहे आणि स्पीड ५७.